आर्सेन वेंगरला काढायला हवं होतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्याही फुटबॉल क्लबचा जुना मॅनेजर सलग तीन सामने हरला की माझ्याकडे येणाऱ्या मेलमध्ये एक नाव हमखास निघतं: लंडनच्या आर्सेनल क्लबचा माजी मॅनेजर आर्सेन वेंगर. "वेंगरच्या वेळी आर्सेनलने वेळेत निर्णय घेतला नाही, आता हे बघा" असं अर्धे लोक म्हणतात. "वेंगरला घालवून काय मिळालं ते विसरलात का" असं उरलेले अर्धे. दोन्ही बाजूंना दाखला तोच लागतो, म्हणून तेच उत्तर दहा जणांना दहादा टंकण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न वाचकांचे आहेत, शब्द थोडे सारखे केलेत.

एक खुलासा आधीच: एका काकांनी कळवलं की वयाने ज्येष्ठ माणसाचा एकेरी उल्लेख शोभत नाही. काका, आपण सचिनला "सचिनराव" म्हणत नाही. तसंच हे.

१. मी फुटबॉल अलीकडेच बघायला लागलोय. हा वेंगर कोण?

फ्रान्सच्या अल्सास भागातला माणूस. जन्म १९४९, स्ट्रासबर्गचा. आईवडिलांचं गावात छोटं खाणावळवजा बिस्ट्रो होतं. खेळाडू म्हणून बेताचाच, पण अर्थशास्त्राची पदवी घेतलेला. मोनॅकोला १९८८ मध्ये फ्रेंच लीग जिंकून दिली, मग जपानमध्ये नागोयाला गेला, आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी आर्सेनलमध्ये रुजू झाला. लंडनच्या एका वर्तमानपत्राने तेव्हा "आर्सेन कोण?" असाच मथळा दिला होता, म्हणजे तुमचा प्रश्न जुनाच आहे.

पुढे जवळपास २२ वर्षं तो तिथेच राहिला. १,२३५ सामने. तीन लीग विजेतेपदं (१९९८, २००२, २००४), त्यातल्या पहिल्या दोन वर्षी लीग आणि एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) असा दुहेरी मुकुट. एफए कप एकूण सात, इतके दुसऱ्या कुठल्याच मॅनेजरकडे नाहीत. २००३-०४ चा लीग मोसम एकही सामना न हरता पूर्ण केला: २६ विजय, १२ बरोबरी. अपराजित राहण्याची ती मालिका ४९ सामन्यांवर गेली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर तुटली.

२. मॅनेजर आणि कोच यात फरक काय? आपल्याकडे तर सगळ्यांना कोचच म्हणतात.

फरक मोठा आहे आणि खालचं अर्धं पान त्यावरच उभं आहे. कोच संघाचा सराव घेतो आणि सामन्यात कोण खेळणार ते ठरवतो. जुन्या इंग्लिश पद्धतीतला मॅनेजर याशिवाय खेळाडू विकत घेतो, विकतो, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा ते सांगतो, अकादमीतल्या पोरांकडे बघतो. युरोपात इतरत्र ही कामं बहुधा स्पोर्टिंग डायरेक्टरकडे असतात.

वेंगर तर त्याहून पुढे होता. खेळाडूंच्या ताटात काय असावं हेही तोच ठरवायचा. आल्या आल्या वाफवलेले मासे आणि उकडलेल्या भाज्या सुरू केल्या, चॉकलेट बंद. ब्लॅकबर्नच्या पहिल्या सामन्याला जाताना बसमध्ये मागच्या बाकांवरून "आमची मार्स बार परत द्या" असं गाणं सुरू झाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. सामना २-० जिंकले, चॉकलेट काही परत आलं नाही. सराव मैदानही त्याच्या मनासारखं बांधलं गेलं. अनेल्काला पाच लाख पौंडांत घेऊन दोन वर्षांनी सुमारे २.३ कोटींना रेआल माद्रिदला विकलं, त्या व्यवहारातून लंडन कोल्नी या सराव मैदानाचा खर्च आणि थिएरी ऑन्री असं दोन्ही निघालं.

अशा क्लबला मराठीत नेमका शब्द आहे: एकखांबी तंबू.

३. एवढं जिंकून दिलेल्या माणसाला काढायचा प्रश्न आलाच कुठून?

घसरण एका दिवसात झाली नाही, म्हणून वादही दहा वर्षं चालला. २००५ चा एफए कप जिंकला, त्यानंतर थेट २०१४ पर्यंत एकही मोठा चषक नाही. मधे २००६ ची चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) फायनल पॅरिसमध्ये बार्सिलोनाकडून २-१ ने गेली, गोलरक्षक लेमनला १८ व्या मिनिटाला लाल कार्ड. याच काळात चांगले खेळाडू एकेक करून निघाले: व्हिएरा, ऑन्री, फाब्रेगास, नासरी आणि २०१२ मध्ये व्हान पर्सी, तोही थेट मँचेस्टर युनायटेडला. चॅम्पियन्स लीगमध्ये २०१०-११ पासून सलग सात वर्षं अंतिम सोळातच गाशा गुंडाळला.

लीगमध्ये मात्र वेंगरचे पहिले वीसही मोसम संघ पहिल्या चारात होता. ते सातत्य २०१७ मध्ये तुटलं (पाचवं स्थान), २०१८ मध्ये सहावं.

४. नऊ वर्षं चषक नाही. तेव्हाच का नाही काढलं? दुसरा कोणी असता तर दोन वर्षांत गेला असता.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि इथेच मी ठामपणे वेंगरच्या बाजूचा आहे.

हायबरी हे आर्सेनलचं जुनं मैदान. देखणं, पण जेमतेम ३८ हजारांचं. युनायटेड त्याच्या जवळपास दुप्पट लोकांना तिकिटं विकत होता. म्हणून पलीकडच्या जागेत ६० हजारांचं एमिरेट्स स्टेडियम बांधलं, सुमारे ३९ कोटी पौंडांचं, बहुतांश कर्ज काढून. उद्घाटन २००६. हायबरीचे फ्लॅट झाले. ज्यांनी घर बांधलंय त्यांना सांगायला नको की हप्ते सुरू असताना दिवाळीची खरेदी कशी होते. तशीच दहा वर्षं आर्सेनलची ट्रान्सफरची, म्हणजे खेळाडूंची, खरेदी झाली.

त्यात वेळ वाईट निघाली. योजना आखली तेव्हा मोठं स्टेडियम म्हणजे मोठी मिळकत, मोठी मिळकत म्हणजे विजेतेपद, असा हिशोब होता. २००३ मध्ये अब्रामोविचने चेल्सी घेतलं, २००८ मध्ये अबू धाबीचा पैसा मँचेस्टर सिटीत आला. गेटवरच्या तिकिटांचा हिशोब रातोरात जुना झाला.

अशा अवस्थेत बँकांना एकच गोष्ट हवी होती: दरवर्षी पहिल्या चारात येऊन मिळणारे चॅम्पियन्स लीगचे पैसे. वेंगरने पुढे सांगितलं की त्याने पाच वर्षं क्लबमध्ये राहावं अशी अटच बँकांकडून होती. तो राहिला, आणि दरवर्षी सर्वोत्तम खेळाडू विकून, विशीच्या आतली पोरं घेऊन, त्याने चॅम्पियन्स लीगचं तिकीट काढणं चालूच ठेवलं, आधीचे धरून सलग १९ मोसम. त्याच काळात लिव्हरपूल आठव्या स्थानापर्यंत घसरलं होतं. तेव्हा वेंगरला काढून एखादा झगमगीत माणूस आणला असता आणि संघ दोन वर्षं सहावा आला असता, तर स्टेडियमच्या हप्त्यांचं काय झालं असतं याचा विचार करून बघा.

ही ढाल २०१३ पर्यंतच चालते. त्या सप्टेंबरात ओझिलसाठी सव्वाचार कोटी पौंड मोजले, पुढच्या वर्षी सांचेझ आला. म्हणजे हात मोकळे झाले होते. त्यानंतरच्या घसरणीला कर्जाचं कारण देता येत नाही.

५. "चौथं स्थान म्हणजे ट्रॉफीच" असं तो खरंच म्हणाला होता का?

त्या अर्थाचं बोलला होता, भागधारकांच्या सभेत, २०१२ मध्ये. प्रश्न ४ वाचला असेल तर त्या सभेत ते वाक्य किती समंजस होतं हे कळेल. स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला ते कसं ऐकू गेलं असेल हेही कळेल.

६. युनायटेडने ८-२ ने धुतलं, त्या रात्री तरी राजीनामा घ्यायला हवा होता.

एका निकालावर इतक्या जुन्या माणसाला काढू नये, मग तो निकाल कितीही लाजिरवाणा असो. त्या महिन्यात फाब्रेगास आणि नासरी दोघंही विकले गेले होते, निम्मा संघ जायबंदी किंवा निलंबित होता.

सामना २८ ऑगस्ट २०११ चा. तीन दिवसांनी ट्रान्सफरची मुदत संपत होती आणि चौथ्या दिवशी गणेश चतुर्थी. आमच्याकडे सगळे मखराला थर्माकोल चिकटवत होते आणि मी एका हातात डिंक, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन आर्सेनल कोणाला घेतंय ते बघत होतो. मेर्टेसॅकर आला, सांतोस आला, आणि अगदी शेवटच्या तासांत एव्हर्टनचा एक २९ वर्षांचा मिडफिल्डर आला. मी वैतागून म्हटलं, आता या वयाच्या आर्टेटाचं काय लोणचं घालायचं! मखर एका बाजूला कललं ते कललंच. संघ मात्र त्या मोसमात तिसरा आला.

७. मग नेमकं कधी काढायला हवं होतं? गोलमाल उत्तर नको, तारीख सांगा.

२७ मे २०१७.

त्या दिवशी वेंब्लीवर आर्सेनलने लीगविजेत्या चेल्सीला २-१ ने हरवून एफए कप जिंकला. वेंगरचा सातवा. त्याचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता, म्हणजे भरपाईचा प्रश्न नव्हता. लीगमध्ये संघ पाचवा आला होता. हातात चषक, मान ताठ, हिशोब चुकता. यापेक्षा चांगला निरोप कोणाला मिळतो? चार दिवसांनी क्लबने दोन वर्षांचा नवा करार जाहीर केला.

काही वाचक २०१६ म्हणतात आणि त्यांचा मुद्दा वजनदार आहे. त्या मोसमात चेल्सी कोसळलं होतं, युनायटेड आणि सिटी धडपडत होते, आणि लीग कोणी जिंकली? लेस्टर सिटीने. आर्सेनलने लेस्टरला दोन्ही सामन्यांत हरवलं होतं, तरी शेवटी दहा गुणांनी मागे, दुसरे. मोठ्या सगळ्यांनी वाट मोकळी करून दिलेलं ते एकमेव वर्ष होतं. तेव्हाही जमलं नाही, तेव्हा दोष पैशाचा नव्हता हे माझ्याही लक्षात आलं. पण करारात एक वर्ष बाकी होतं आणि दुसऱ्या स्थानावरच्या माणसाला काढायला जी तयारी लागते ती क्लबकडे नव्हती.

खरं तर २०१७ मध्येही नव्हती. वेंगरसोबत सगळे व्यवहार बघणारा डेव्हिड डीन २००७ मध्येच क्लब सोडून गेला होता आणि त्याच्या तोडीचा माणूस दहा वर्षं कोणी आणला नाही. मालक स्टॅन क्रोंकी अमेरिकेत. डायरेक्टर ऑफ फुटबॉल (प्रश्न २ मधला स्पोर्टिंग डायरेक्टरच) नेमायचा विषय निघाला तेव्हा वेंगरने पत्रकारांना विचारलं होतं की हा कोण, रस्त्यात उभा राहून डावीकडे उजवीकडे हात दाखवणारा का? आपल्या नाक्यावरचा ट्रॅफिक हवालदारच डोळ्यासमोर येतो. हसलो मी तेव्हा. पण त्या विनोदाची किंमत आर्सेनलने पुढे चार वर्षं मोजली (प्रश्न १० पाहा).

म्हणून मला कोणी विचारलं की जुन्या मॅनेजरला काढावं का, तर मी आधी उलटं विचारतो: तो उद्या नसला तर खेळाडू कोणते घ्यायचे हे क्लबमध्ये कोण ठरवणार? नाव सांगता आलं तर काढायची चर्चा करू. नाही आलं तर आधी दुसरा खांब रोवा.

८. ती बॅनरवाली विमानं खरी होती की फोटोशॉप?

खरी. १८ मार्च २०१७, वेस्ट ब्रॉमचं मैदान. सामना सुरू असताना वरून एक छोटं विमान गेलं, शेपटीला बॅनर: करार नको, वेंगर आउट. थोड्या वेळाने दुसरं विमान, वेंगरच्या समर्थकांचं: आमचा आर्सेनवर विश्वास. एकाच क्लबचे चाहते वर्गणी काढून आकाशात भांडत होते. खाली संघ ३-१ ने हरला.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना बघितलेल्यांना चाहत्यांच्या रागाचं वर्णन सांगायला नको, पण तिथे निदान दोन बाजूंचे संघ तरी वेगळे असतात.

त्याच्या दहाच दिवस आधीची रात्र मला जास्त आठवते. बायर्न म्युनिकविरुद्ध परतीचा सामना, आपल्याकडे रात्री सव्वा एकला सुरू. घरचे झोपलेले, टीव्ही म्यूट. वॉलकॉटने गोल केला तेव्हा मी उशीत तोंड घालून ओरडलो. मग दुसऱ्या सत्रात कॉसिएल्नीला लाल कार्ड, आणि एकामागून एक पाच गोल. दोन सामने मिळून १०-२. शेवटी कॅमेरा वेंगरवर गेला. गुडघ्यापर्यंतचा तो फुगीर कोट, ज्याची चेन त्याला कधीच धड लावता यायची नाही. मॅनेजर आउट म्हणावं की त्या माणसाची चेन लावून द्यावी, मला कळेना.

९. तो स्वतःहून गेला की काढला?

२० एप्रिल २०१८ रोजी क्लबने जाहीर केलं की मोसम संपल्यावर वेंगर पद सोडणार. करारात एक वर्ष बाकी होतं. दोन दिवसांनी पत्रकारांनी विचारलं तेव्हा, ही वेळ काही मी निवडलेली नाही, अशा अर्थाचं तो बोलला. सरकारी कचेरीत "विनंतीवरून बदली" म्हणतात, त्यातला प्रकार.

कारणं उघड होती. २५ फेब्रुवारीला लीग कपच्या फायनलमध्ये सिटीकडून ०-३, चारच दिवसांनी बर्फात घरच्या मैदानावर पुन्हा सिटीकडून ०-३, आणि त्या दुसऱ्या रात्री एमिरेट्सवर लाल खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या. त्या वर्षात बाहेरच्या मैदानावर लीगचा पहिला गुण मिळाला तो थेट शेवटच्या सामन्यात, हडर्सफील्डला. शिव्या घालणारा चाहता परवडतो, पुढच्या शनिवारी तो परत येतो. पैसे भरून ठेवलेलं तिकीट वापरायलाही न येणारा चाहता पाहून मालक जागा होतो.

१०. काढून काय मिळालं? एमरी तर दीड वर्षात गेला.

हा विरोधी गटाचा हुकमाचा पत्ता, आणि पत्ता खराच आहे. उनाय एमरी आला, शरद ऋतूत सलग २२ सामने हरला नाही, मग पाचवं स्थान, बाकूला युरोपा लीगच्या (युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा) फायनलमध्ये चेल्सीकडून ४-१, आणि २९ नोव्हेंबर २०१९ रोजी घरी. मग आर्टेटा. २०१९-२० मध्ये आठवं स्थान (एफए कप मात्र जिंकला), २०२०-२१ मध्ये पुन्हा आठवं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच युरोपातली कुठलीच स्पर्धा नाही.

पण यावरून "वेंगरला ठेवायला हवं होतं" हे सिद्ध होत नाही. वेंगरच्या शेवटच्या वर्षात घाईघाईने नवे खांब उभे केले गेले: खेळाडू हेरायला डॉर्टमुंडहून मिस्लिंटाट, वाटाघाटींना बार्सिलोनाहून सान्येही, आणि सगळ्यांच्या वर आधीपासूनचाच मुख्य कार्यकारी गझिडिस. एमरीला "मॅनेजर" नव्हे, "हेड कोच" असं पद दिलं. कागदावर सगळं शहाणपणाचं. आणि मग काय झालं? एमरीला नेमून काही महिनेही झाले नाहीत तोच गझिडिस मिलानला निघून गेला. मिस्लिंटाट फेब्रुवारी २०१९ मध्ये गेला. सान्येही ऑगस्ट २०२० मध्ये. जुना खांब काढला आणि नवे उभे राहायच्या आत उन्मळले. एमरी वाईट कोच नाही, हे त्याने आधी सेव्हियात आणि नंतर व्हियारेआलमध्ये युरोपा लीग जिंकून दाखवलंच आहे.

घडी बसली ती आर्टेटा आणि तांत्रिक संचालक एदू ही जोडी टिकली तेव्हा. २०२२-२३ पासून सलग तीन मोसम दुसरं स्थान. तोपर्यंत वेंगर जाऊन पाच वर्षं झाली होती.

११. फर्ग्युसन गेल्यावर युनायटेडचं जे झालं, ते बघूनच आर्सेनल घाबरलं होतं का?

घाबरलं असेल तर त्यात नवल नाही. आगीतून फुफाट्यात कसं पडावं याचं ते उत्तम उदाहरण होतं. युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन २६ वर्षांनी २०१३ मध्ये लीग जिंकून निवृत्त झाला. लोक एक गोष्ट विसरतात: त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेला. पहिला खांब आणि दुसराही, एकाच वेळी. फर्ग्युसनच्या जागी मॉयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढलं. पुढच्या दशकभरात लीग एकदाही नाही. यातून घ्यायचं ते प्रश्न ७ च्या शेवटी लिहिलंय, परत लिहीत नाही.

१२. नवा मॅनेजर आला की संघ लगेच जिंकायला लागतो, हे तर सगळ्यांनी पाहिलंय. मग काढणंच बरं नाही का?

नव्याचे नऊ दिवस. मॅनेजर काढला जातो तो संघ सगळ्यात खाली असताना. पाच सामने हरलेला संघ सहावा आणि सातवा जिंकण्याची शक्यता तशीही असतेच, जुना माणूस असता तरी. श्रेय मात्र नव्याला जातं. तापाचं अंग तिसऱ्या दिवशी उतरणारच असतं, दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलला की नवा डॉक्टर देवमाणूस.

पूर्ण फसवं आहे असं नाही. बाकावर बसून कुजलेले चार खेळाडू नव्याच्या काळात जिवाच्या आकांताने पळतात, हे खरं. एमरीचे ते २२ सामने आठवा.

१३. जाणार असल्याचं आधी जाहीर करावं की गुपचूप ठेवावं?

दोन्ही दाखले आहेत. फर्ग्युसनने २००१-०२ हा आपला शेवटचा मोसम असं आधीच सांगून टाकलं. संघ सैलावला, फेब्रुवारीत त्याने निर्णय फिरवला, तरी युनायटेड तिसरे आले. लीग कोणी जिंकली? आर्सेनलने, तीही ओल्ड ट्रॅफर्डवर, विल्टॉर्डच्या गोलवर. समोरच्या बाकावर वेंगर. ही त्याला प्रतिस्पर्ध्याने दिलेली भेटच.

उलट यर्गन क्लॉपने २६ जानेवारी २०२४ ला सांगितलं की मोसमाअखेर लिव्हरपूल सोडणार. एप्रिलमध्ये संघ दमला, तिसरा आला. पण क्लबला चार महिने मिळाले. आधी वरच्या खुर्च्या भरल्या, मग आर्ने स्लॉट आणला, आणि पुढच्याच वर्षी लीग जिंकली. एक चषक हुकला तरी मला हा सौदा पटतो.

१४. करार शिल्लक असताना काढलं तर पैसे द्यावे लागतात ना?

हो. बहुतेकदा उरलेल्या काळाचा पगार किंवा तडजोडीची ठरीव रक्कम, शिवाय सहायकांचीही. म्हणून कराराच्या शेवटच्या वर्षी निर्णय घ्यावा आणि "स्थैर्य दिसावं" म्हणून घाईने मुदतवाढ देऊ नये. मे २०१७ मधली चूक हीच.

१५. तुमच्याच निकषाने आर्टेटालाही २०२० मध्येच काढायला हवं होतं. तेव्हा गप्प का होतात?

गप्प नव्हतो, चुकलो होतो. डिसेंबर २०२० मध्ये नाताळला संघ पंधरावा होता आणि मी "आता पुरे" असं लिहिलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तर पहिले तिन्ही सामने हरले, शून्य गोल केले, नऊ खाल्ले, गुणतक्त्यात विसावे. क्लबने धीर धरला.

मी काय पाहिलं नाही? वेंगरच्या शेवटच्या वर्षांत संघाचं वय वाढत होतं, तेच दोष दरवर्षी दिसत होते, करार संपत आलेले खेळाडू फुकट किंवा अदलाबदलीत जात होते. आर्टेटाकडे साका, स्मिथ रो, मार्टिनेली ही वीस वर्षांची पोरं होती, चढ्या पगाराचे जुने खेळाडू निघत होते, आणि वर एदूसोबत ठरलेली एक दिशा होती. गुणतक्ता दोघांचाही वाईट. एक जण त्याच खड्ड्यात परत परत पडत होता आणि दुसरा पायासाठी खड्डा खणत होता. रस्त्यावरून दोन्ही सारखेच दिसतात, हे माझं समर्थन समजा.

१६. चषक जिंकल्यावर लगेच निरोप देणं कृतघ्नपणा नाही का? तुम्ही सुचवलेली २७ मे तशीच आहे.

क्लबांनी असं केलंय. रानिएरीने लेस्टरला लीग जिंकून दिली आणि नऊ महिन्यांत त्याला काढलं. टॉटनहॅमने २०२५ मध्ये युरोपा लीग जिंकल्यावर पंधरा-सोळा दिवसांत पोस्टेकोग्लूला नारळ दिला, कारण लीगमध्ये सतरावे आले होते. रानिएरीच्या बाबतीत मला वाईट वाटलं, कारण ते मोसमाच्या मध्यावर आणि तडकाफडकी झालं. वेंगरचा करार संपत होता. संपलेला करार न वाढवणं आणि माणसाला हाकलणं या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच शब्दात बोलल्या जातात, म्हणून गोंधळ होतो. आणि खरं सांगू का, २०१८ चा जो निरोप मिळाला तो जास्त कृतघ्न होता. बावीस वर्षं दिलेला माणूस, आणि समोर रिकाम्या खुर्च्या.

१७. हे सगळं भारतातल्या क्लबना लागू होतं का?

क्वचितच, कारण इथे एवढा टिकतोच कोण? बहुतेक कोचचे करार मोसमापुरते. ठळक अपवाद गोव्याचा: आर्मांदो कोलासो आणि डेम्पो. दशकाहून जास्त काळ एकच माणूस आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं, दोन नॅशनल लीगची, तीन आय-लीगची. शेवटचं २०११-१२ मध्ये. तो २०१३ मध्ये ईस्ट बंगालला गेला, आणि डेम्पोला त्यानंतर तसं विजेतेपद लाभलं नाही. त्याला एकटं कोलासोचं जाणं कारण नाही, गोव्याच्या क्लबांची आणि नव्या लीगची सगळी कहाणी त्यात आहे. तो विषय वेगळ्या पानाचा.

१८. वेंगर आता काय करतो? दुसरा संघ का नाही घेतला?

२०१९ पासून फिफामध्ये आहे, जगभरातल्या फुटबॉलच्या विकासाचं काम बघतो. त्याच कामासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतात आला होता, भुवनेश्वरला फिफा आणि आपल्या महासंघाच्या अकादमीचं उद्घाटन होतं. दुसरा क्लब त्याने घेतला नाही.

१९. गेल्यावर तो एमिरेट्सवर परत आला का?

साडेचार वर्षं आला नाही. शेवटच्या घरच्या सामन्याला, ६ मे २०१८ ला बर्नलीविरुद्ध, संघाने ५-० जिंकून दिलं, अपराजित मोसमाचा सोनेरी चषक त्याच्या हातात दिला, आणि त्याने माईक घेऊन पहिली गोष्ट काय केली तर आदल्या दिवशी मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या फर्ग्युसनला बरं वाटो असं म्हटलं. मग गेला.

परत आला तो २६ डिसेंबर २०२२ ला, वेस्ट हॅमविरुद्ध. आधी जाहीर झालं नव्हतं. सामना संपत आला तेव्हा मोठ्या पडद्यावर तो दिसला आणि सगळं मैदान उभं राहिलं. आर्सेनल ३-१ ने जिंकलं, तेव्हा गुणतक्त्यात पहिलं होतं, आणि बाजूच्या रेषेवर त्यानेच २०११ मध्ये शेवटच्या तासात घेतलेला तो मिडफिल्डर उभा होता.